कठडा कोणी बांधायचा?



येत्या १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ यांचा सण साजरा करणार आहोत. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. ज्या दिवशी जगभरचे कामगार झेंडे घेऊन रस्त्यावर उतरत होते, त्याच दिवशी ख्रिस्तसभेने नाझरेथचा सुतार त्यांच्यासमोर उभा केला. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिनही असतो. सुटी असते, आणि सुटीच्या दिवशी कामगारांची आठवण काढणे तसे सोपे जाते.

संत योसेफांची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. हातात रंधा, पायाशी लाकडाच्या ढलप्या, शेजारी छोटा येशू. फार शांत चित्र आहे ते. पण त्या चित्रात लाकूड आधीच दुकानात येऊन पडलेले असते. ते ओंडके कोणी आणले, कोणाच्या खांद्यावरून उतरले, हे चित्रकार दाखवत नाही. आज मला त्या न दाखवलेल्या माणसाविषयी बोलायचे आहे.

एप्रिल-मे आला की आपल्या आळीतून दिवसभर ट्रक आणि टेम्पो जातात. पावसाळ्याआधी घर उभे राहिले पाहिजे म्हणून विटा, रेती, सिमेंट, सळ्या, लाद्या. लग्नाचा हंगाम म्हणून मंडपाचे बांबू, खुर्च्या, जेवणाची पातेली. वाडीतला माल पहाटे शहराच्या बाजाराला जातो तो वेगळाच. हे सगळे कोणीतरी गाडीत चढवतो आणि कोणीतरी उतरवतो. आपण ट्रकचा नंबर बघतो, बिल बघतो, खोकी मोजून घेतो, फुटलेली लादी परत करतो. उतरवणाऱ्याचा चेहरा मात्र संध्याकाळी आपल्याला आठवत नाही.

हा माणूस पडतो. वरचेवर पडतो. आणि त्याच्या पडण्याला आपण अपघातसुद्धा म्हणत नाही, कारण उंची ती किती! ट्रकच्या हौद्याची जमीन साधारण माणसाच्या छातीएवढी, म्हणजे चार फुटांच्या आसपास असते. चौथ्या मजल्यावरून कोणी पडला तर वर्तमानपत्रात येते. चार फुटांवरून पडलेल्याला आपण “ऊठ, ऊठ, काही नाही झालं” असे म्हणतो.

थोडा हिशेब करून पाहा. चार फुटांवरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. “प्रभू येशू” एवढे म्हणायलाही तो पुरत नाही. जमिनीला टेकताना वेग ताशी सतरा-अठरा किलोमीटर असतो. बरे, ही चार फुटे झाली पायांची. हौद्यात उभ्या असलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर असते. आणि हा माणूस बहुतेक वेळा पाठमोरा पडतो. दोघे मिळून जड खोके धरतात, एक पुढे तोंड करून चालतो आणि दुसरा उलटा, मागे मागे. फाळका उघडा असतो. हौदा कुठे संपला हे मागे चालणाऱ्याला त्याचा पाय सांगतो, आणि पाय सांगतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हात खोक्याला गुंतलेले, त्यामुळे सावरायलाही काही नसते. कधी वरून खोकेही अंगावर येते.

पडण्याचे प्रकार अनेक आहेत. ताडपत्री आवळताना जोर लावून ओढलेली दोरी तुटते आणि माणूस मागे फेकला जातो. पोत्यांच्या थपीवर उभा असताना खालचे पोते सरकते. ओल्या ताडपत्रीवरून, सांडलेल्या सिमेंटवरून पाय निसटतो. हौद्याला टेकवलेली फळी वरून बांधलेली नसते, ती भार पडताच घसरते. संगमरवराच्या उभ्या लाद्यांची दोरी सोडली की एका बाजूचा तोल जातो आणि अख्खी रांग अंगावर कलंडते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वर माणूस आहे हे न पाहता कोणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगतो, “जरा पुढे घे रे!”

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. आठवे वचन घरी जाऊन जरूर वाचा. देव आपल्या प्रजेला सांगतो की नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर. नाहीतर तिथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल.

त्या देशात घरांना सपाट धाबे असे. लोक तिथे झोपत, धान्य-ताग वाळवत, प्रार्थना करत. यरीहोच्या राहाबेने हेरांना धाब्यावरच्या तागाखाली लपवले होते, आणि संत पेत्र यापो येथे प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला होता. म्हणजे धाबे ही माणसांच्या वावराची, कामाची जागा. म्हणून सिनाय पर्वतावर ज्याने मेघगर्जनेत दहा आज्ञा दिल्या तोच देव इथे गवंड्याच्या भाषेत बोलतो.

या वचनात पडणाऱ्याला एकही उपदेश नाही, याकडे लक्ष द्या. “जपून चाल”, “काठावर जाऊ नकोस”, असे देव त्याला सांगत नाही. तो घराच्या धन्याशी बोलतो. पडणारा कोण, घरचा की परका, शुद्धीवर होता की नव्हता, याची चौकशी नाही. प्रश्न एकच: कठडा होता का? आणखी एक गोष्ट. हा नियम कोणी पडल्यानंतरचा नाही. घर नवे आहे, अजून कोणीही पडलेले नाही, तेव्हाच कठडा बांधायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात असा प्रसंग घडला. घर बांधणाऱ्या गृहस्थाची परवानगी घेऊनच मी तो सांगतो आहे. मराठवाड्यातून आलेला एक तरुण, नाक्यावरून त्या दिवसापुरता आणलेला, लाद्यांची खोकी उतरवताना मागच्या मागे पडला. कमरेचा मणका मोडला. मी त्याला रुग्णालयात भेटलो तेव्हा तो मला सारखे एकच विचारत होता, “फादर, खोकं फुटलं का? त्याचे पैसे कापतील का?” आज तो चालतो, पण वजन उचलू शकत नाही. गावी परत गेला आहे. आता त्याची बायको शेतमजुरी करते.

घराचा मालक वाईट माणूस नाही. रविवारची मिस्सा चुकवत नाही. त्याने रुग्णालयाचे पहिले बिल भरले, दोनदा डबा पाठवला. नंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “फादर, मी लाद्यांचे पैसे दिले, गाडीभाडे दिले, वाराई दिली. माणसं ठेकेदाराने आणली. मी तर तेव्हा घरातही नव्हतो. माझी काय चूक?”

मी त्याला अनुवादाचे ते वचन काढून वाचायला दिले. त्याला ते आवडले नाही. मलाही ते दाखवताना सुख झाले नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, आणि त्याला बाजारात जे उत्तर मिळते ते शास्त्रात मिळत नाही.

त्या दिवशी ट्रकभोवती जमलेल्या लोकांनी काय काय म्हटले तेही मला नंतर कळले. एक म्हणाला, “त्याचं नशीब.” दुसरा म्हणाला, “प्यायला असेल.” तिसरी म्हणाली, “देवाची मर्जी, आपण काय करणार?”

प्रभू येशूच्या वेळीही लोक असेच बोलत. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. तो बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हांला वाटते का, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच ठामपणे ‘नाही’ म्हणतो. मेलेल्यांच्या खात्यावर पाप लिहायला तो तयार नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि पश्चात्ताप करायला त्यांना सांगतो! पडलेल्याचा हिशेब बाजूला ठेवून उभ्या असलेल्यांचा हिशेब काढणे, ही प्रभूची रीत आहे. ‘देवाची मर्जी’ हे शब्द आपण फार स्वस्त केले आहेत. फळी बांधली नव्हती ही देवाची मर्जी नव्हती, दोरीचे पैसे वाचवायचे होते.

राहिली दारूची गोष्ट. ती कधीकधी खरी असते, हे मी नाकारत नाही. पण तो प्यायलेला आहे हे पडल्यावर जर सगळ्यांना कळले, तर चढण्याआधी कोणालाच कसे कळले नाही? आणि त्याच्याबरोबरचे जे प्यायलेले नव्हते तेही उद्या त्याच उघड्या काठावरून उलटे चालणार आहेत.

“माणसं ठेकेदाराची” या उत्तराविषयी दोन शब्द. कायद्याने इथे बरेच काही केले आहे. मुंबईच्या बाजारपेठांतल्या हमालांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले, आणि त्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. ज्याला एक असा मालकच नाही, जो सकाळी एका पेढीत आणि दुपारी दुसऱ्या पेढीत पोती वाहतो, त्याच्या मजुरीची नोंद ठेवायला मंडळ आले. त्याआधी १९२३ सालीच, कामावर असताना कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात कायद्यात आले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याच्या धंद्यासाठी काम चालले होते, त्यालाही हात झटकता येत नाहीत. आपल्या धर्मग्रामात ज्यांची दुकाने, वखारी, केटरिंगचे व्यवसाय आहेत, त्यांनी हे जाणत्या वकिलाकडून एकदा समजून घ्यावे. पडल्यावर नव्हे, आधी.

पण स्वतःच्या राहत्या घरासाठी लाद्या मागवणारा गृहस्थ? त्याचा काही धंदा नाही. तो बहुधा या कायद्यांच्या व्याख्येबाहेर राहतो. आणि नाक्यावरून एका दिवसासाठी उचलून आणलेल्या मजुराचे नाव कुठल्याच वहीत नसते. नेमकी इथेच मोशेच्या नियमशास्त्राची हाक ऐकू येते. ते वचन व्यापाऱ्याला उद्देशून नाही. घर बांधणाऱ्याला उद्देशून आहे. न्यायालय ज्याला सोडून देईल, त्याचेही घर या वचनातून सुटत नाही.

ख्रिस्तसभाही या बाबतीत मोघम बोललेली नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात माणसाकडून त्याच्या ताकदीपलीकडचे काम करून घेणे अन्यायाचे ठरवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या आपल्या श्रमविषयक परिपत्रात कामाची जागा शरीराला अपाय न करणारी असणे हा कामगाराचा हक्क म्हटला आहे. हक्क म्हटले आहे, मेहेरबानी नव्हे. ट्रकचा हौदा ही कुणाची तरी कामाची जागा आहे, एवढे जरी आपल्या मनात ठसले तरी पुष्कळ झाले.

मग ट्रकचा कठडा म्हणजे काय? खर्चाची गोष्ट नाही ती. चढण्या-उतरण्याला चाकावर पाय देऊन लोंबकळण्याऐवजी एक मजबूत शिडी, वरून बांधलेली. फळी लावायची तर रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली, वरच्या टोकाला अडकवलेली. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, आणि किल्ली ड्रायव्हरच्या नव्हे तर वर काम करणाऱ्यांच्या मुकादमाच्या खिशात. जड वस्तू काठापर्यंत सरकवत आणायची आणि खाली उभ्या असलेल्यांनी ती घ्यायची, म्हणजे कोणाला उलटे चालावे लागत नाही. हौद्यातला कचरा, तुटक्या दोऱ्या, सांडलेली रेती आधी झाडून घ्यायची. अंधार पडला तर दिवा, नाहीतर काम उद्यावर. पाऊस आला तर थांबायचे. चार माणसांचे काम दोघांना देऊन वाराईत पैसे वाचवायचे नाहीत. आणि हो, पाणी. मे महिन्याच्या उन्हात घेरी येऊन पडणारेही असतात. घराच्या आत थंडगार माठ आणि बाहेर तहानलेला हमाल, हे आपल्या आळीत दिसू नये.

घाईबद्दल वेगळे सांगतो, कारण घाई बहुतेक वेळा आपली असते. रस्ता अडतो, शेजारी कुरकुरतात, गाडीवाल्याला दुसरी खेप मारायची असते. “आटप, आटप” हा शब्द आपण सहज उच्चारतो. वर उभा असलेला माणूस तो ऐकतो आणि एका वेळी एक खोके घ्यायचे ते दोन घेतो.

आणि एवढे करूनही कोणी पडलाच तर? त्याला बगलेत धरून उठवू नका, रिक्षात दुमडून कोंबू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, पाय हलत नसतील, तर जागचे हलवू नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागलेला माणूस सुरुवातीला नीट बोलतो, हसतोही, आणि काही तासांनी बेशुद्ध होतो, कारण आत रक्त साचत असते. म्हणून “बरा आहे” म्हणून त्याला नाक्यावर सोडून देऊ नका. तो ज्या खोलीत राहतो तिथे रात्री त्याच्याजवळ कोणी आहे का, विचारा. उलटी झाली, डोके फार दुखू लागले, गुंगी आली, तर रात्री दोन वाजता सुद्धा रुग्णालय गाठायचे. पाचशेची नोट हातात ठेवून निरोप देणे याला दया म्हणत नाहीत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातला युतुख तुम्हांला आठवत असेल. त्रोवस येथे संत पौल मध्यरात्रीपर्यंत प्रवचन करत होता. हा तरुण खिडकीत बसल्या बसल्या पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (लांब प्रवचने करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट अधूनमधून वाचायला हवी!) दिवसभराचा दमलेला असेल बिचारा. तेव्हा पौलाने काय केले? “खिडकीत कशाला बसला होता?” असे विचारले नाही. बोलणे थांबवले, जिना उतरून खाली गेला आणि त्या मुलाला मिठी मारली. शब्दसेवा थांबली, कारण माणूस पडला होता.

आणि क्रूसाची वाट! दर उपवासकाळात आपण ती चालतो. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर प्रभू पडतो. ओझ्याखाली पडतो. आपण गुडघे टेकतो, पुढे जातो. त्या वाटेवर ओझे उतरवायला एकच माणूस सापडला, कुरेनेकर शिमोन, आणि तोही शेतावरून परतताना धरून आणलेला, परगावचा, मजुरी न मिळालेला. आपल्या दारात येणारा जालन्याचा, बिहारचा, झारखंडचा माणूस बहुधा आपल्या धर्माचा नसतो, आपली बोलीही त्याला येत नाही. अनुवादाच्या ज्या अध्यायात कठड्याचा नियम आहे, त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात रस्त्यात पडलेले दुसऱ्याचे गाढव दिसले तर ते पाहून न पाहिल्यासारखे करू नकोस, मदत करून उठव, असेही सांगितले आहे. निर्गमच्या पुस्तकात तर ते गाढव वैऱ्याचे आहे. गाढवाला एवढा मान!

आता एक आपल्या घरची गोष्ट. धर्मग्रामाच्या नव्या सभागृहाच्या लाद्या पुढच्या शनिवारी येत आहेत. प्रत्येक खोके सुमारे तीस किलोचे आहे. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत शिडी आणि पक्क्या फळीचा खर्च मी मांडला तेव्हा एक-दोघांनी विचारले की इतकी वर्षे याविना चाललेच ना? चालले, कारण कोणी पडला नाही, किंवा पडला आणि आपल्याला कळले नाही. शेवटी खर्च मंजूर झाला, याबद्दल कौन्सिलचे आभार.

गाडी सकाळी सात वाजता येईल, ऊन चढण्याआधी. उतरवणारे सहा जण आहेत, चार नव्हेत. त्यांची नावे आणि त्यांच्या घरच्यांचे फोन नंबर कार्यालयाच्या वहीत आधी लिहून घेतले जातील. तरुण संघाच्या मुलांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभे राहून वाहने थांबवावीत. हौद्यात मात्र कोणीही हौसेने चढू नये. दुपारचे जेवण सगळ्यांचे एकत्र, सभागृहाच्या ओट्यावर आहे. भगिनी मंडळाने दहा माणसांचे धरावे. फळीखाली लावायला सागाची किंवा शिसवीची दोन जाड आडवी लाकडे कोणाकडे असतील, तर शुक्रवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर कार्यालयात सांगावे.